नांदेड-लातूर, व्हाया टायर

नवी गाडी घेताना आपण काय काय बघतो? इंजिन किती सीसीचं, पिकअप कसा, सनरूफ आहे की नाही, स्पीकर किती आणि ॲव्हरेज किती 'देते'. डिकीत किती बॅगा मावतात तेसुद्धा शोरूममधला मुलगा हौसेने दाखवतो. पण खाली वाकून टायर बघणारा माणूस मी तरी अजून शोरूममध्ये पाहिलेला नाही. गंमत बघा, सव्वा टन वजनाची गाडी रस्त्याला खरोखर जिथे टेकते ती जागा असते जेमतेम चार तळहातांएवढी. एका टायरला एक तळहात. तुमचं टर्बो इंजिन, एबीएस, सहा एअरबॅग्ज, सगळा डामडौल त्या चार तळहातांच्या भरवशावर. आणि नेमकं तेवढंच सोडून आपण बाकी सगळं चेक करतो.

माझा आणि टायरचा एवढा घनिष्ठ संबंध यायचं कारण म्हणजे माझा संसार. मी नांदेडला एका बँकेत आहे. नवरा लातूरला. तो तिथे 'नीट'ची तयारी करणाऱ्या पोरांना फिजिक्स शिकवतो. 'लातूर पॅटर्न'च्या गावात फिजिक्सचा मास्तर म्हणजे काय चीज असते, हे मराठवाड्यातल्या वाचकांना सांगायला नको. त्याला तिथून हलता येत नाही, मला इथून बदली नको. कारण इथे माझे आई-दादा आहेत आणि त्यांच्या जिवावर साडेतीन वर्षांची आमची कन्या आहे. तेव्हा आमचं लग्न हे शुद्ध वीकेंड लग्न! दुसऱ्या-चौथ्या शनिवारी बँकेला सुट्टी म्हणून सकाळीच, एरवी शनिवारी संध्याकाळी बँक सुटल्यावर, लेकीला मागच्या सीटवर बांधायचं आणि निघायचं. विष्णुपुरी, सोनखेड, लोहा, माळाकोळी, अहमदपूर, शिरूर ताजबंद, चापोली, चाकूर, आष्टामोड, लातूर. साधारण १४० किलोमीटर. रविवारी रात्री नाहीतर सोमवारी पहाटे परत.

गाडी माझी आहे. म्हणजे नावावरही माझ्या आणि ईएमआयही माझ्याच पगारातून. फोक्सवॅगन व्हर्टस जीटी, दीड लिटरचं टर्बो पेट्रोल इंजिन, १५० पीएस. आपल्याच चाकणच्या कारखान्यात बनलेली. २०२२च्या दिवाळीत घेतली तेव्हा दादांनी बॉनेटभोवती एक फेरी मारली आणि एकच प्रश्न विचारला, "माय, एवढी पावर कशाला लागतीया?" दादा म्हणजे माझे वडील. एकतीस वर्षं एसटीत ड्रायव्हर होते. छातीवर विनाअपघात सेवेचा बिल्ला. त्यांच्यापुढे पॉवरचं समर्थन करायचं म्हणजे गवयासमोर अंताक्षरी खेळण्यासारखं.

अवकाळी आणि उसाची ट्रॉली

तीन वर्षांत काटा चाळीस हजारांजवळ आला. टायर गोटा झाले नव्हते. मी मोजले होते, पुढच्या दोघांवर तीन मिलिमीटरच्या आसपास खाच शिल्लक होती. कायदा म्हणतो किमान १.६ मिलिमीटर हवी. म्हणजे कायद्याने मी पास, तेही बऱ्यापैकी मार्कांनी.

फेब्रुवारीतल्या एका शनिवारी चापोलीच्या पुढे अवकाळी पाऊस लागला. उन्हाळ्याच्या तोंडावरचा पहिला शिडकावा म्हणजे रस्त्यावरची धूळ, तेल आणि पाणी यांचं झकास मिश्रण. अंधार पडत होता, काटा ऐंशीच्या खाली होता, पुढच्या गाडीपासून अंतर होतं. आणि पुढची गाडी एकदम डावीकडे सरकली. तिच्या पुढे होता उसाचा ट्रॅक्टर. मागे दोन ट्रॉल्या, मागच्या ट्रॉलीला ना दिवा ना रिफ्लेक्टर. साखर कारखान्यांच्या हंगामात आमच्याकडे हे दृश्य रोजचंच, त्यामुळे पाय ब्रेकवर तयारच होता. ब्रेक दाबला, एबीएस खडखडलं, गाडी थांबली. ट्रॉली आणि बॉनेट यांच्यात एखादी मोटारसायकल मावली असती. मागून आवाज आला, "आई, ऊस!" तिला मजा वाटली होती.

मला नाही वाटली. कारण ब्रेक दाबल्यापासून गाडी थांबेपर्यंत मधला एक क्षण असा होता, जेव्हा गाडी माझं ऐकत नव्हती. ती पाण्यावर तरंगत पुढे जात होती. इंजिन, ब्रेक, एबीएस, सगळं धडधाकट होतं. कमी पडले ते तळहात.

त्याच रात्री लातूरला पोहोचल्यावर मी नवऱ्याला सांगितलं, टायर बदलायचेत. लग्नाच्या वाढदिवसाला मुन्नारला जायचं ठरलं होतं, त्यासाठी साठवलेले पैसे होते. तो म्हणाला, "मुन्नार कुठे पळून जाणार आहे?" फिजिक्सवाला नवरा असण्याचे काही फायदे असतात.

उन्हाळी टायर म्हणजे काय रे भाऊ?

आता मजा बघा. युरोपात लोकांकडे टायरचे दोन सेट असतात. एक उन्हाळ्याचा, एक हिवाळ्याचा. पारा सात अंशांच्या खाली गेला की उन्हाळी टायरचं रबर कडक व्हायला लागतं आणि पकड सोडतं. म्हणून थंडी आली की हिवाळी टायर चढवायचे. आपल्याकडे नांदेड-लातूरला पारा सातच्या खाली गेला तर ती पेपरातली बातमी होते. उलट मे महिन्यात ४२-४३ अंश म्हणजे 'आज जरा उकडतंय'. भर दुपारी डांबराचं तापमान साठच्या पुढे जातं. थोडक्यात, आपल्याकडे बाराही महिने उन्हाळी टायरचाच सीझन.

पण उन्हाळी आणि 'परफॉर्मन्स' टायर यात पुन्हा फरक आहे. परफॉर्मन्स टायर म्हटलं की डोळ्यांसमोर येतात रेसर पोरं, फाटका सायलेन्सर आणि आयटीआयच्या चौकात रात्री अकरा वाजता होणारा धूर. म्हणूनच घरात हा शब्द उच्चारायची सोय नसते. खरा फंडा वेगळा आहे. अशा टायरचं रबर तापलं तरी लोण्यासारखं विरघळत नाही, रस्त्याला धरून राहतं. बाहेरच्या कडेचे ठोकळे मोठे आणि टणक असतात, त्यामुळे वळणावर टायर लडबडत नाही. रबरात सिलिका मिसळलेली असते, ती ओल्या रस्त्यावर पकड वाढवते. आणि मधून जाणाऱ्या रुंद, सरळ खाचा पाणी झटकन बाहेर फेकतात. पाणी बाहेर गेलं नाही तर टायर आणि रस्त्यामध्ये पाण्याची पाचर बसते आणि गाडी तरंगते. खाच जितकी उथळ तितकं हे लवकर होतं. म्हणून १.६ मिलिमीटर ही कायद्याची सीमा असली तरी पावसातली अक्कल तीन मिलिमीटरलाच जागी व्हायला हवी.

म्हणजे परफॉर्मन्स टायर सुसाट पळण्यासाठी कमी आणि थांबण्यासाठी जास्त. ब्रेक चाक थांबवतो, गाडी थांबवतो तो टायर. पॉवरफुल गाडीला तो जास्त लागतो कारण ती शंभरला कधी पोहोचते तेच कळत नाही. वेग ८० वरून १०० वर गेला तर काट्यावर तो वीसनेच वाढलेला दिसतो, पण गाडीतली ऊर्जा दीडपटीहून जास्त होते. ती सगळी थांबताना रिचवायची कोणी? त्याच चार तळहातांनी.

रुंद टायरला पकड जास्त का, असं मी नवऱ्याला विचारलं. पुस्तकात तर लिहिलंय की घर्षण क्षेत्रफळावर अवलंबून नसतं! तो इतका खूश झाला की लेकीचा वरण-भात विसरला. म्हणाला, "ते सूत्र रबर पाळत नाही. रबर मऊ असतं, रस्त्याच्या बारीक खडबडीत शिरून बसतं. दाब वाढेल तशी त्याची पकड त्या प्रमाणात वाढत नाही, म्हणून तेच वजन जास्त जागेवर पसरलं की फायदा होतो." मग थोडं थांबून म्हणाला, "पण नीटला हे विचारत नाहीत." विषय संपला.

टायरची जन्मपत्रिका

आपल्याकडे पत्रिका बघितल्याशिवाय लग्न होत नाही, पण टायर मात्र डोळे मिटून घेतो. टायरच्या अंगावर सगळं लिहिलेलं असतं. माझ्या टायरवर होतं २०५/५५ आर १६ ९१ व्ही. पहिले २०५ म्हणजे मिलिमीटरमधली रुंदी. ५५ म्हणजे टायरच्या भिंतीची उंची रुंदीच्या ५५ टक्के. आर म्हणजे रेडियल, १६ म्हणजे रिमचा व्यास इंचात. ९१ हा वजनाचा आकडा, म्हणजे एक टायर ६१५ किलो उचलू शकतो. आणि व्ही म्हणजे वेगमर्यादा, ताशी २४० किलोमीटर. टी असेल तर १९०, एच २१०, डब्ल्यू २७०, वाय ३००.

तुम्ही म्हणाल, चौपदरी हायवेवर मर्यादा शंभरची, समृद्धीवर एकशेवीसची, मग २४०चा टायर काय पूजेला ठेवायचाय? तर नाही. वेगाचं अक्षर म्हणजे एका अर्थाने उष्णता सोसायचं सर्टिफिकेट. २४०च्या वेगाला जी उष्णता तयार होते ती सोसून तो टायर पास झालेला असतो. चैत्र-वैशाखात लोह्याच्या रस्त्यावर गाडी भरून जाताना आपल्याला हवा तो हाच ऐवज. कंपनीने जे अक्षर आणि जो वजनाचा आकडा दिलाय त्याच्या खाली कधीही उतरू नका. वर चढलात तर हरकत नाही.

शिवाय बऱ्याच टायरवर 'ट्रेडवेअर' म्हणून एक आकडा असतो. तो तीनशेच्या आसपास असेल तर रबर मऊ, पकड झकास, पण झिजणार लवकर. चारशे-पाचशे असेल तर टायर चिवट, जास्त टिकणार. हा आकडा कंपन्या आपापल्या परीने ठरवतात, त्यामुळे एकाच कंपनीच्या दोन टायरची तुलना करायला तो बरा, दोन कंपन्यांमध्ये मात्र जपून. त्याच्या शेजारी 'टेंपरेचर' म्हणून ए, बी, सी यांपैकी एक अक्षर असतं. मराठवाड्यात राहत असाल तर ए सोडून दुसरीकडे बघूच नका.

आणि शेवटची, सगळ्यात महत्त्वाची गोष्ट म्हणजे जन्मतारीख. लंबगोल चौकटीत चार आकडे असतात. पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष. हे चार आकडे पुढे मला फार उपयोगी पडले.

सोळा की सतरा?

बँकेत बातमी फुटायला वेळ लागत नाही. दुपारच्या डब्याला आमचा लोन सेक्शनचा सहकारी म्हणाला, "मॅडम, टायर बदलताच आहात तर सतरा इंची अलॉय टाका ना. गाडी जाम भारी दिसेल." दिसली असती, वादच नाही. पण मी कॅल्क्युलेटर काढला. बँकवालीला दुसरं काय सुचणार?

२०५/५५ आर १६ म्हणजे टायरची भिंत साधारण ११३ मिलिमीटर. त्याऐवजी २१५/४५ आर १७ टाकला तर भिंत उरते ९७. म्हणजे रिम आणि खड्डा यांच्यामधली गादी दीड सेंटिमीटरने पातळ. आमच्याकडची जमीन काळी. पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते आणि वरचा रस्ता तिच्या तालावर नाचतो. हायवेचा बराच भाग चौपदरी झाला तरी गावात शिरायचे रस्ते तेच आहेत. तिथे पातळ भिंतीचा टायर म्हणजे सासुरवाडीला पांढरी पँट. रिम वाकली, भिंतीवर फुगा आला की खेळ खल्लास, कारण भिंतीला पंक्चर काढता येत नाही. तेव्हा सतरा इंचाचं स्वप्न डब्याबरोबरच बंद केलं. शिवाय २०५/५५ आर १६ हा जगभर चालणारा साइज, त्यात चॉइस भरपूर.

चॉइसचंही ऐका. एका टोकाला निव्वळ पकडीसाठी बनवलेले टायर. मिशलिनचा पायलट स्पोर्ट, ब्रिजस्टोनचा पोटेन्झा, योकोहामाचा ॲडव्हान, गुडइयरचा ईगल एफ वन ही त्या घराण्यातली नावं. दुसऱ्या टोकाला शांत आणि टिकाऊ 'टूरिंग' टायर, म्हणजे मिशलिनचा प्रायमसी किंवा ब्रिजस्टोनचा तुरान्झा. दोन्हीकडे वाईट काही नाही. प्रश्न एवढाच की तुमचं आयुष्य कुठल्या रस्त्यावर चाललंय. पुण्यात हिंजवडीच्या ट्रॅफिकमध्ये तासाला बारा किलोमीटरने सरकणाऱ्याला पायलट स्पोर्ट घेऊन काय करायचंय? आणि दर आठवड्याला २८० किलोमीटर हायवे तुडवणाऱ्या माणसाने पकडीवर पैसे वाचवून काय साधायचंय? मी पहिल्या घराण्यातला एक निवडला. नाव सांगणार नाही, लगेच जाहिरात वाटते.

'साहेब नाही आले?'

यापुढचा एपिसोड मात्र टायरचा कमी आणि माणसांचा जास्त आहे. नांदेडमधल्या एका मोठ्या दुकानात मी लेकीला घेऊन गेले. एसी, सोफा, कॉफीचं मशीन, सगळं चकाचक. काउंटरवरच्या माणसाने माझ्या खांद्यावरून मागे बघितलं आणि विचारलं, "साहेब नाही आले?" मी म्हटलं, साहेब लातूरला आहेत, गाडी माझी आहे. तो हसला. मग मला रंग कळेल असं समजून टायरची चमक दाखवायला लागला.

मी साइज सांगितला, टायरचं नाव सांगितलं. "आहे ना ताई, शेवटचे चार. तुमच्यासाठी डिस्काउंट लावतो." टायर बाहेर आले. काळेभोर, वर कंपनीचा स्टिकर, चकाकणारे. मी खाली बसले आणि ती लंबगोल चौकट शोधली. ३८२३. म्हणजे २०२३ मधला ३८वा आठवडा, सप्टेंबरचा माल. गोडाऊनमध्ये दोन उन्हाळे खाल्लेला, आणि त्या गोडाऊनला पत्रे होते, ते मला दारातूनच दिसत होतं. रबर न वापरताही म्हातारं होतं. ऊन, उष्णता आणि हवा त्याला कडक करतात. दोन-तीन वर्षांचा टायर म्हणजे लगेच फेकायचा असं नाही. पण नव्याच्या भावात मी जुना का घेऊ? तसं म्हटल्यावर तो म्हणाला, "ताई, हे नंबर कंपनीचे असतात, त्यात काही नसतं. साहेबांना फोन लावून द्या, मी समजावतो."

मी फोन लावला नाही. लेकीने तोपर्यंत कॉफीच्या मशीनचे तीन पेपर कप हस्तगत केले होते, ते परत ठेवले आणि आम्ही निघालो. शेवटी लातूर फाट्याकडच्या एका साध्या दुकानात काम झालं. तिथले काका म्हणाले, "हा माल आपल्याकडं नसतो, हैदराबादहून मागवावा लागंल. चार दिवस द्या. आल्यावर तारीख तुम्ही स्वतः बघा, मगच पैसे." बस्स! गिऱ्हाइकाला यापेक्षा जास्त काय पाहिजे असतं?

पैशाचं म्हणाल तर २२ सप्टेंबर २०२५ पासून टायरवरचा जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ वर आला आहे, तेवढाच दिलासा. तरी चार टायर, बॅलन्सिंग आणि अलाइनमेंट धरून मुन्नारची दरी बऱ्यापैकी भरली.

दादांची हवा

खरी लढाई घरात होती. दादांनी जुने टायर हाताने चाचपले आणि म्हणाले, "नक्षी दिसायली की अजून. चार कशाला? पुढचे दोनच घाल." एसटीत तीच रीत. बसला पुढे नवे टायर आणि मागे रिमोल्ड. पुढचा टायर फुटला तर स्टिअरिंग हातातून जातं, आणि गाडीत पन्नास माणसं. एकतीस वर्षांचा तो हिशेब चुकीचा कोण म्हणेल? एसटीची टायर रिमोल्ड करायची स्वतःची यंत्रणा आहे आणि त्या टायरवर उभा महाराष्ट्र वर्षानुवर्षं फिरतोय.

पण कारची गोष्ट वेगळी. दोनच नवे टाकायचे असतील तर ते मागे टाका, असं टायर कंपन्या सांगतात. ओल्या रस्त्यावर पुढची चाकं घसरली तर गाडी सरळ जाते, आपल्याला कळतं, आपण वेग कमी करतो. मागची चाकं घसरली तर गाडी भोवऱ्यासारखी फिरते आणि काही करायला वेळच मिळत नाही. मी हे सांगितलं तेव्हा दादा गप्प झाले. त्यांचं गप्प होणं म्हणजे पटलं असं नसतं. मला वाईट वाटलं, कारण या माणसाने मला सायकलपासून जीपपर्यंत सगळं चालवायला शिकवलंय, आणि आज मी त्यांना चाकं कशी लावायची ते सांगत होते.

मग मी चापोलीची हकीकत सांगितली. घरी तोवर बोलले नव्हते. दादांनी सगळं ऐकलं, ट्रॉलीला रिफ्लेक्टर नव्हता का, ते दोनदा विचारलं. आणि म्हणाले, "चारी घाल. पण हवेचं माझ्याकडं."

हवेचं त्यांच्याकडे असणं म्हणजे काय ते सांगते. आमच्या कॉलनीत एक सार्वजनिक समज आहे की उन्हाळ्यात हवा फुगते, म्हणून टायरमध्ये हवा थोडी कमीच ठेवावी. तुमच्याही कॉलनीत असेल. दादा हे ऐकलं की खवळतात, आणि शास्त्र त्यांच्या बाजूने आहे. हवा कमी असली की टायरची भिंत प्रत्येक फेऱ्यात जास्त वाकते. वाकण्यातून उष्णता होते, उष्णतेने रबर आणि आतल्या धाग्यांची जोड सैल होते आणि मग टायर फुटतो. म्हणजे फुटू नये म्हणून हवा कमी करणारे लोक तो फुटायचीच तयारी करत असतात! हवा भरायची ती गाडीवर लिहिली आहे तेवढी, दारापाशी किंवा पेट्रोलच्या झाकणामागे आकडा असतो. आणि ती मोजायची सकाळी, टायर थंड असताना. साधारण साडेपाच अंशांमागे एक पीएसआय वाढतो. सकाळच्या २६ अंशांना ३३ भरली तर भर उन्हात चालून तापलेल्या टायरमध्ये ती ३८ दाखवू शकते. ते नॉर्मल आहे. घाबरून हवा काढायची नाही. नायट्रोजनचं फार टेन्शन घेऊ नका, साध्या हवेतही ७८ टक्के नायट्रोजनच असतो. आठवड्याला मोजणं त्याच्यापेक्षा कितीतरी मोलाचं.

या गोष्टी पूर्वी आपल्याकडे चर्चेत नव्हत्या. समृद्धी महामार्ग डिसेंबर २०२२ मध्ये नागपूर ते शिर्डी सुरू झाला आणि टायर हा एकदम चहाच्या टपरीवरचा विषय झाला. लांबच लांब सरळ काँक्रीट, ऊन आणि एकसारखा वेग यात जुना किंवा अर्धवट हवेचा टायर तग धरत नाही. आरटीओच्या पथकांनी प्रवेशाच्या ठिकाणी टायर तपासायला सुरुवात केली, गोटा झालेल्या गाड्या परत पाठवल्या. पण सगळं टायरच्या माथी मारणंही बरोबर नाही. १ जुलै २०२३ला सिंदखेडराजाजवळ खासगी बस पेटून २५ जण गेले, तेव्हा सुरुवातीला टायर फुटल्याचं सांगितलं गेलं. आरटीओच्या अहवालात मात्र टायर फुटल्याचा पुरावा नसल्याचं पुढे आलं. टायर बिचारा बोलत नाही, म्हणून त्याच्यावर नाव टाकणं सोपं. झोप, वेग आणि थकवा यांच्यावर कुठलाच कोड छापलेला नसतो.

मग फरक काय पडला?

खरं सांगू? पहिल्या दिवशी काहीच नाही. नवे टायर पहिले काहीशे किलोमीटर जपूनच चालवायचे असतात, वरचा गुळगुळीत थर जावा लागतो. नंतर हळूहळू कळायला लागलं. स्टिअरिंग जरा 'खरं' बोलतं. माळाकोळीच्या वळणांवर गाडी एकाच रेषेत राहते. रस्त्याचा आवाज आधीपेक्षा थोडा जास्त येतो आणि ॲव्हरेज एका किलोमीटरने पडलंय. ट्रेडवेअरचा आकडा बघता हे टायर जुन्यांइतके टिकायचे नाहीत, हेही माहीत आहे. पकड आणि टिकाऊपणा दोन्ही भरपूर मिळतं असं सांगणारा माणूस तुम्हाला काहीतरी विकत असतो.

ओल्या रस्त्यावर पहिल्यांदा ब्रेक दाबला तेव्हा मात्र उत्तर मिळालं. अहमदपूरच्या अलीकडे सरी आल्या होत्या, पुढे म्हैस आडवी आली. गाडी थांबली, साधी थांबली. कुठलाही क्षण मधे हरवला नाही. लेकीने मागून विचारलं, "आई, आज ऊस नाही?"

दादा आता दर शनिवारी सकाळी गेज घेऊन खाली जातात. आधी लोखंडी पान्याने चारही टायर ठोकतात, आवाज ऐकतात, डेपोतल्या सवयीने. मग गेज लावून आकडे एका वहीत लिहितात. वहीच्या शेवटच्या पानावर त्यांनी चारही टायरच्या जन्मतारखा लिहून ठेवल्या आहेत, आणि समोर पाच वर्षांनंतरची तारीख लाल पेनने. त्यानंतर दर वर्षी तपासून घ्यायचे, असं मीच सांगितलं होतं. त्यांनी मान्य केलंय असं अजून तोंडाने म्हटलेलं नाही.

मुन्नार पुढच्या वर्षी. तुम्ही मात्र पुढच्या वर्षापर्यंत थांबू नका. आज ऑफिस सुटल्यावर पार्किंगमध्ये लिफ्टजवळ गप्पा मारण्याऐवजी दोन मिनिटं गाडीशेजारी खाली बसा. खाचेच्या तळाशी छोटे उंचवटे असतात, टायर झिजून त्यांच्या बरोबरीला आलाय का बघा. भिंतीवर फुगा किंवा भेगा आहेत का बघा. चार आकडे शोधा, मोबाइलवर फोटो काढून ठेवा. हवा उद्या सकाळी मोजा. कपड्यांना धूळ लागेल, वॉचमन विचित्र नजरेने बघेल. बघू दे. आणि दुकानात गेल्यावर कोणी 'साहेब नाही आले?' असं विचारलं, तर शांतपणे खाली वाका आणि तारीख वाचायला लागा.